एकोणपन्नास आणि एक

नळी आली ती सकाळच्या फेरीबोटीनं,
अचाओहून, बर्फाच्या डब्यात,
शेजारी कुणाचे तरी शिंपले होते, त्यांचा वास लागलेला.
चिठ्ठीवर नाव: एलेउतेरिओ मिल्यालोन्को. वय एकाहत्तर.
धंदा: होड्या बांधणे.
तक्रार: नाही.

खरंच नव्हती. मोतीबिंदू काढायचा होता
म्हणून रक्त पाहिलं, तर प्रथिनं जास्त भरली.
मग जेलच्या पट्टीवर आम्ही वीज सोडली
आणि रक्तरस पांगू दिला,
बाजार उठल्यावर माणसं आपापल्या वाटेला लागतात तसा.
आधी अल्ब्युमिनचा डोंगर. तो सगळ्यांचाच असतो.
मग बुटक्या टेकड्या. आणि शेवटी,
जिथं नुसता उतार असायला हवा,
तिथं एक सुई.
निरोगी अंगात हजार तऱ्हेच्या प्रतिपिंडांचा गलबला असतो.
इथं एकच कुणीतरी
तेच ते वाक्य बोलत सुटलेलं.
डेसिलिटरला दोन पूर्णांक सात ग्रॅम. कॅपा साखळी.
तीनच्या आत.

मंगळवारी तो स्वतः आला, कास्त्रोला, मज्जा द्यायला.
कुशीवर निजला, भिंतीकडे तोंड करून.
डॉक्टर इतुर्रा कमरेच्या हाडात सुई पिळत होते,
आणि हा कान देऊन ऐकत होता.
म्हणाला, ‘आतलं लाकूड बरं आहे.’
कुणी हसलं नाही. मीच थोडीशी.

आता ती मज्जा माझ्यासमोर, काचपट्टीवर, जांभळी.
पाचशे पेशी मोजायच्या.
प्रत्येक जातीला एक कळ, प्रत्येक कळीचा एक टक.
प्लाझ्मा पेशी ओळखायला सोपी: अंग गडद निळं,
केंद्रक मधोमध नाही, कडेला सरकलेलं,
बाकावर दुसऱ्याला जागा करून बसलेल्या माणसासारखं.
त्यात गुठळ्या गोल मांडलेल्या,
घड्याळाची तबकडीच, पण
आकडे आहेत, काटे नाहीत.

एकोणपन्नास झाल्या.
आणि एक बाजूला ठेवलेली, मघाचीच,
निळी आहे, पण तितकी नाही,
सरकलेली आहे, पण जरा.
एकोणपन्नास म्हणजे दहा टक्क्यांच्या आत, नाव: ‘अर्थ अजून न ठरलेला’.
(इतकं प्रामाणिक नाव वैद्यकात दुसरं ठाऊक नाही मला.)
पन्नास म्हणजे दहा पूर्ण, नाव: ‘धुमसता’.
पहिल्यात वर्षाला शंभरातला एक पुढं सरकतो,
दुसऱ्यात, सुरुवातीची वर्षं, शंभरातले दहा.
सगळं या एका पेशीच्या रंगावर, आणि माझ्या डोळ्यावर,
जो रात्रपाळीनं चुरचुरतोय.

ओतिलियाला बोलावलं. तिनं भिंग फिरवलं.
‘लिम्फोसाइट,’ म्हणाली. चष्मा पुसला.
‘नसेलही.’

बाकी सगळं ठीकच: कॅल्शियम, मूत्रपिंडं, हिमोग्लोबिन,
आणि हाडांत कुठं भोक नाही.
चार दारं ठोठावली,
चारही घरांत माणसं जेवत बसलेली.
म्हणजे औषध नाहीच, कुठलंही नाव पडो.
फक्त पुन्हा या. लवकर, किंवा जरा उशिरानं.

पट्टी बांधताना त्याला विचारलं होतं,
तुम्ही काय करता, फळी कुजली की नाही कळेनासं झालं की?
अंगठ्याचं नख दाबून पाहतो, म्हणाला.
रुतलं तर काढतो. नाही रुतलं तर सोडतो.
आणि रुतल्यासारखं वाटलं, पण रुतलं नाही, तर
खडूनं खूण करतो, होडी पाण्यात घालतो,
पुढल्या खेपेला ओढून काढली की आधी तिथंच बघतो.
‘त्या फळीला तुमच्यात म्हणतात काय?’
त्यानं सदऱ्याची बटणं लावली, एक चुकली, पुन्हा लावली.
‘काही नाही. खडूची.’

अहवालात खडू चालत नाही. तिथं शब्द लागतो.
मी दुसरी काचपट्टी काढली, तेलाचा थेंब टाकला.
बाहेर अचाओची शेवटची बस भोंगा देऊन गेली.
एक.
दोन.
ही नाही.
तीन.